कामतघरची मक्याची भाकरी

ठाण्याहून काशेळीचा पूल ओलांडला की रस्त्याचा नूर बदलतो. काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही एकेकाळची भाताची गावे. आज तेथे शेतांच्या जागी गोदामे आहेत आणि मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही अंगांना मालमोटारी खोळंबलेल्या असतात. अंजूरफाट्यावरून पुढे गेले की कामतघर लागते. भिवंडी म्हटली की बाहेरच्या माणसाला फक्त यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. कामतघरला मात्र एक तलावही आहे. वऱ्हाळा देवीचे मंदिर आणि तिच्याच नावाचा हा तलाव यांनी दाट वस्तीच्या मध्यभागी थोडे आकाश मोकळे ठेवले आहे. शहराच्या काही भागाला या तलावाचे पाणी जाते, गणपतीही येथेच विसर्जित होतात. जवळच पद्मानगर आहे. तेथे तेलुगू विणकरांची वस्ती असल्यामुळे दुकानांच्या पाट्या मराठीइतक्याच तेलुगूतही वाचायला मिळतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या मागांवर विणले जाऊ लागले आणि सुताच्या व कोऱ्या कापडाच्या व्यापाराबरोबर आपल्या समाजाची घरेही येथे वाढली. जामनगरकडच्या हालार प्रांतातून आलेल्या ओसवाल बांधवांची संख्या त्यांत मोठी आहे. अंजूरफाटा परिसरात त्यांची शाळाही आहे.

माझी भाची या कामतघरात दिलेली आहे. तिचे सासर मूळचे बार्शीकडचे. सुताच्या व्यापारासाठी दोन पिढ्यांपूर्वी येथे आले. गेल्या आषाढात, चातुर्मास लागण्यापूर्वीच्या रविवारी, मी त्यांच्याकडे गेलो होतो. भाचीची मुलगी पुढील शिक्षणासाठी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात जाणार होती. घरात बॅगा उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांच्याइतकाच उघडा एक वादही पडला होता.

वाद होता टॅकोचा. ज्यांना हा पदार्थ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : मक्याची पातळ, तळहाताएवढी भाकरी मधोमध दुमडायची आणि त्या घडीत काही सारण, वर आंबट-तिखट चटणी घालून हातानेच खायचे, याचे नाव टॅको. हा मेक्सिको देशाचा पदार्थ. टेक्सास त्या देशाला लागून असल्यामुळे तेथे तो आपल्याकडच्या वडापावासारखा जागोजागी मिळतो. सारण बहुधा मांसाचे असते. मांस न खाणाऱ्यांसाठी अलीकडे त्याच्या जागी आळंबी, म्हणजे आपण ज्याला मशरूम म्हणतो ती, घालतात. मुलीच्या तेथील भावी सहनिवासी मैत्रिणीने तिला कळवले होते की, ‘तुझ्यासाठी मशरूमचे टॅको आहेत, काळजी करू नकोस.’ काळजी तेथूनच सुरू झाली.

आळंबीने मांसाची जागा का घ्यावी, याचे उत्तर सरळ आहे. भाजी शिजली की मऊ होते, विरघळते. आळंबी तशी विरघळत नाही. तिच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या द्रव्याच्या असतात, आणि ते शिजवूनही आपला चिवटपणा सोडत नाही. शिवाय तिच्यात ग्लुटामेट भरपूर असते. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ज्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले, ती भरीव, तोंडात रेंगाळणारी चव या ग्लुटामेटची. दाताला चिवटपणा आणि जिभेला भरीवपणा, या दोन गोष्टी मिळाल्या की खाणाऱ्याला मांसाची उणीव भासत नाही.

आता गंमत अशी की या सारणावर ‘वनस्पतिजन्य’ असा शिक्का असतो. पण आळंबी ही मुळात वनस्पतीच नाही. ती बुरशीच्या कुळातली. तिला हरितद्रव्य नाही, ती स्वतःचे अन्न तयार करीत नाही. कायटिन म्हणतात ते तर किड्यांच्या कवचातही असते. जीवशास्त्रज्ञ आज असे मानतात की बुरशी आणि प्राणी यांचा समान पूर्वज वनस्पतींशी असलेल्या समान पूर्वजापेक्षा अलीकडचा आहे. म्हणजे नात्याच्या हिशेबाने आळंबी भेंडीपेक्षा आपल्याला जवळची. आपल्या परंपरेने हे वर्गीकरण सूक्ष्मदर्शकाशिवाय केले नव्हते असा दावा मी करणार नाही. तो मोह आपल्याकडे फार आहे. पण ३२ अनंतकायांच्या पारंपरिक यादीत ‘भूमिफोड’ आहे, आणि ती हीच जमीन फोडून वर येणारी आळंबी. एका शरीरात अनंत जीव, म्हणून वर्ज्य. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्राच्या तिसऱ्या प्रकाशात अभक्ष्यांची गणना केली, तिच्यातही अनंतकाय आहेच. बाजारात मिळणारी पांढरी आळंबी गव्हाचे काड, कोंडा आणि पुष्कळ ठिकाणी कोंबडीखत यांच्या कुजवलेल्या मिश्रणावर वाढवतात, हेही या निमित्ताने सांगून ठेवावे. डबीवर हिरवा ठिपका असतो. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे. आपल्या स्वयंपाकघराचा नियम त्याच्यापेक्षा पुष्कळ पुढे जातो.

त्या दिवशी येताना रस्त्याच्या कडेला, पानांच्या द्रोणांत रानातली आळंबी विकायला बसलेल्या आदिवासी स्त्रिया मला दिसल्या होत्या. शहापूर-मुरबाडकडच्या डोंगरपट्ट्यात पहिल्या पावसानंतर वारुळांवर ती उगवते आणि थोडेच दिवस मिळते. त्यांच्यासाठी तो कशाचा पर्याय नाही. ते त्यांचे स्वतःचे, वर्षातून एकदा येणारे अन्न आहे. मेक्सिकोतही तसेच. पावसाळ्यात तेथील बाजारांत रानातली आळंबी येते, इतकेच नव्हे तर मक्याच्या कणसावर पडणारी काळी काणीसुद्धा तेथे ‘वीतलाकोचे’ या नावाने आवडीने खातात. मांसाची नक्कल म्हणून आळंबीकडे पाहणे ही शहरी उपाहारगृहांची कल्पना आहे.

मुलगी आळंबी खाणार नाही, हे तसे तिने आधीच ठरवले होते. वाद खरा पुढे होता. तिने म्हटले, आळंबी नको तर कच्च्या फणसाचे सारण करू. त्याचे रेशे सुटतात आणि ते हुबेहूब मांसासारखे दिसते. हे ‘हुबेहूब’ ऐकताच भाचीच्या सासूबाई, वय ८१, माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, “भाऊ, तुम्हीच सांगा हिला. यशोधर राजाचा कोंबडा कशाचा होता?”

आपल्या वाचकांना ती कथा सांगायला नको, तरी आजच्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. उज्जयिनीच्या यशोधर राजाला एक अशुभ स्वप्न पडले. त्याच्या शांतीसाठी देवीला प्राण्याचा बळी द्यावा असा आग्रह त्याच्या आईने, चंद्रमतीने धरला. राजाने जीवहिंसेला नकार दिला. शेवटी तडजोड निघाली : पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. रक्त सांडले नाही, जीव गेला नाही. पण मारण्याचा संकल्प झाला होता, आणि त्या संकल्पाचे फळ म्हणून माय-लेकरांना मोर आणि कुत्रा यांच्यापासून कोंबड्याच्या योनीपर्यंत किती तरी जन्म भोगावे लागले. सोमदेवसूरींनी ९५९ साली यशस्तिलकात ही कथा संस्कृतात मांडली. त्याच शतकात मान्यखेटच्या पुष्पदंतांनी ती अपभ्रंशात आणली. जन्न कवीने १२०९ मध्ये कन्नडात. इतक्या भाषांतून, इतक्या वेळा आपल्या आचार्यांना ती सांगावीशी वाटली, याचा अर्थ नकलेचा प्रश्न आजचा नाही.

मुलीचे उत्तर मला आवडले. ती म्हणाली, “आजी, राजाला कोंबडा मारायचा होता, म्हणून त्याने पिठाचा केला. मला काही मारायचे नाही. मला मक्याची भाकरी खायची आहे.”

“मग ती मांसासारखी दिसायला कशाला हवी?” आजींनी विचारले.

यावर मुलगी गप्प राहिली. आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचे मर्म त्या एका वाक्यात होते. कच्चे केळे बटाट्याच्या जागी घालणे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालते, त्याला कोणी हरकत घेत नाही. कारण तेथे आपल्याला वडा हवा असतो, बटाटा हवा नसतो. परंतु मांस कधीच न खाल्लेल्या मुलीच्या पानात मांसाचे रूप आणून ठेवायचे, हे पर्याय शोधणे नव्हे. जी उणीव तिला नव्हती ती आधी निर्माण करायची आणि मग भरून काढायची, असा तो प्रकार आहे. मांसाहार सोडू पाहणाऱ्या माणसाला अशा नकलेचा आधार होत असेल, तर ती चांगलीच गोष्ट आहे. त्याला मी नावे ठेवणार नाही. त्याची वाट तिकडून इकडे आहे. आपल्या मुलांची तशी नाही.

मांसाचा खरा पर्याय मी पाहिला तो याच भिवंडीत, पण स्वयंपाकघरात नव्हे. नोकरीत असताना तीन वर्षे मी येथील एका शाखेत होतो. कर्जदारांच्या तारण मालाचा साठा तपासण्यासाठी सुताची गोदामे, मागांचे कारखाने आणि सायझिंगचे कारखाने फिरावे लागत. ज्यांच्या घरी हाच धंदा आहे त्यांना ठाऊकच आहे की ताण्याचे सूत तसेच मागावर चढवले तर तुटते; म्हणून त्याला खळ देतात. ही खळ मुख्यतः स्टार्चची, म्हणजे मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या पिठाची. खळीने सूत कडक होते, म्हणून ते लवचीक राहावे यासाठी तिच्यात काही स्निग्ध पदार्थ घालावा लागतो. वस्त्रोद्योगाच्या जुन्या कृतींत हा स्निग्ध पदार्थ म्हणजे प्राण्यांची चरबी. उकळत्या खळीचा तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. १९८३ साली वनस्पती तुपातील गाईच्या चरबीच्या भेसळीवरून देशभर गदारोळ झाला तेव्हा आपल्या घरांतून डबे फेकले गेले, आणि ते योग्यच होते. पण ज्या कापडावर आपले व्यापार चालत, त्याच्या खळीत काय आहे हे विचारणारे त्या वेळी थोडे होते. थोडे होते, नव्हतेच असे नाही. एका वृद्ध जैन व्यापाऱ्याने आपल्या बीमांना चरबीची खळ लावायची नाही, त्यासाठी लागेल तो जादा खर्च मी देईन, असे सायझिंगवाल्याला माझ्यासमोर बजावल्याचे मला स्पष्ट आठवते. आज वनस्पती तेलांपासून केलेले आणि मेणाचे मऊकारक मिळतात. हा पर्याय चरबीसारखा दिसावा किंवा तसा वास यावा अशी मागणी कोणी केली नाही. सूत तुटू नये, एवढेच काम होते आणि ते झाले.

मी हे सांगितल्यावर भाचीच्या यजमानांनी लगेच विचारले, “मामा, मग टेक्सासमध्ये अशी चरबी कशात असते?” धंद्यातल्या माणसाचा प्रश्न नेमका असतो. उत्तर आम्हा सर्वांना मुलीनेच दिले, कारण तिने चौकशी करून ठेवली होती. टेक्सासात दोन प्रकारच्या पोळ्या मिळतात. मैद्याची मऊ पोळी परंपरेने डुकराच्या चरबीत मळतात. स्पॅनिशमध्ये तिला ‘मांतेका’ म्हणतात. घोटलेला राजमा, जो पाहताना पूर्ण शाकाहारी वाटतो, तोही त्याच चरबीत परततात. काही ठिकाणी आता तेल वापरतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही. याउलट मक्याच्या साध्या टॉर्टियात मका, चुना आणि पाणी यांखेरीज मुळात काही लागत नाही. चीजमध्ये रेनेट कोणते, हाही एक प्रश्न. म्हणजे आळंबी ही दिसणारी अडचण. ती पानात बाजूला सारता येते. न दिसणारी अडचण भाकरीच्या पिठात आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी ‘मांतेका’ हा शब्द पाठ करून ठेवावा.

चुन्याचे ऐकून आजींना नवल वाटले. मक्याची ही पद्धत खरोखर नवलाची आहे. दक्षिण मेक्सिकोत सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मका शेतीत आला. तेथील लोक दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, मग धुऊन, साल काढून वाटतात. त्यामुळे पीठ एकजीव होते, भाकरी तुटत नाही, आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपाने मका उचलला पण चुना मागेच ठेवला. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या गरीब इटालियन शेतकऱ्यांत पेलाग्रा हा रोग पसरला. चुन्याची निवळी तान्ह्या मुलांना देणारी आपली पिढी; आजींनी ही गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लावली.

मका तरी आपला कुठे आहे? मका, मिरची, टोमॅटो, राजमा, शेंगदाणा, पेरू, सीताफळ हे सारे त्या खंडातून पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर आपल्याकडे आले. भिवंडी रोड स्थानकातून सुटणारी गाडी ज्या वसईला जाते तेथे १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांचाच अंमल होता. हेमचंद्राचार्यांनी मिरची पाहिली नव्हती. तेव्हा परदेशी म्हणून टॅकोला नाके मुरडण्यात अर्थ नाही. बटाटाही त्याच वाटेने आला आणि आपण तो नाकारला, मिरची घेतली. कसोटी गावाची नव्हती, जीवांची होती.

दुपारी तीनच्या सुमारास स्वयंपाकघरात काम सुरू झाले. फणसाचा बेत आजींच्या शब्दावर थांबला होता, शिवाय काही घरांत फणसही वर्ज्य मानतात. शेजारच्या ओसवाल काकू मदतीला आल्या. त्यांनी प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली : सारणात राजमा घालायचा असेल तर वर दही नाही, आणि दही हवे असेल तर राजमा नाही. कच्च्या गोरसात द्विदल मिसळायचे नाही, हा नियम. टॅकोवर आंबट साय घालण्याची रीत असल्यामुळे परदेशात हा दोष हमखास घडतो, आणि त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. मुलीने दही निवडले.

सहा कच्ची केळी सालीसकट अर्धवट वाफवली. पूर्ण शिजवली तर लगदा होतो; थोडी करकरीत असतानाच काढून, गार करून, जाड किसली. लोखंडी कढईत तेल, जिरे, हिंग. मग कीस पसरून, फार न ढवळता, कडा तांबूस होईपर्यंत परतला. टोमॅटो तव्यावर सालीला काळे डाग पडेपर्यंत भाजून घेतले. टोमॅटोतही तेच ग्लुटामेट असते आणि भाजल्याने त्याची चव दाट होते. कांदा-लसूण नसताना हा भाजलेला टोमॅटोच सारणाला भरीवपणा देतो. भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, लाल मिरचीचे तिखट, मीठ, थोडा वाळवलेला ओरेगानो. बस. हे सारण मांसासारखे दिसत नव्हते. भाजलेल्या केळ्यासारखे दिसत होते.

चुन्यात मका भिजवण्याइतका वेळ नव्हता. म्हणून त्याच आठवड्यात दळलेले मक्याचे पीठ दोन वाट्या, कणीक अर्धी वाटी, कडकडीत पाण्यात उकड काढल्यासारखे मळले. (पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस मानणारी घरे आहेत, त्यांनी त्याच दिवशी दळावे.) भाकरी लाटून तव्यावर अर्धी भाजली, आणि येथे ओसवाल काकूंचा हात दिसला. त्यांनी खाखऱ्याचा लाकडी दट्ट्या आणला होता. मंद आचेवर दाबत, फिरवत भाकरी जवळजवळ कोरडी केली आणि कडक होण्याच्या क्षणभर आधी उचलून लाटण्यावर टाकली. गार होताच ती घडीच्या आकारात कडक झाली. अमेरिकेत डबाबंद विकतात ते तळलेले कवच हेच. फक्त येथे तळण नव्हते आणि शिळेपणाही नव्हता. पाणी पूर्ण निघाले म्हणजे पदार्थ टिकतो, हे ज्ञान खाखऱ्याच्या रूपाने आपल्या घरात आधीपासून आहे. चौदा भाकऱ्यांपैकी तीन मोडल्या. त्या धाकट्या मुलाने तशाच खाल्ल्या.

वर त्याच दिवशी लावलेल्या दह्याचा चक्का, कोथिंबीर, लिंबू. साडेसहाला पाने मांडली. त्या दिवसांत भिवंडीत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, म्हणून घाई नव्हती. आजींनी पहिला घास घेऊन विचारले, “यात नवीन काय आहे?” ही तक्रार होती की प्रशंसा, ते मला ठरवता आले नाही; पण त्यांनी दुसरा मागितला. माझ्या मते मीठ थोडे कमी होते आणि दह्यापेक्षा चिंचेचे पाणी अधिक शोभले असते.

जेवणानंतर मुलीने कागद काढला. ह्यूस्टन शहरातील सूर्यास्ताच्या वेळा तिने महिन्यांनुसार लिहिल्या होत्या. ऑगस्टात आठच्या सुमारास. आजींना फार समाधान वाटले. डिसेंबरात मात्र साडेपाचच्याही आधी. हिवाळ्यात आठवड्यातून दोन दिवस तिचे वर्ग सहाला सुटणार आहेत. त्या दिवसांसाठी काय करायचे यावर बराच खल झाला. शेवटी खाखऱ्याचा दट्ट्या बॅगेत टाकायचा आणि त्या दोन दिवशी डबा बरोबर न्यायचा, एवढे ठरले. बॅग दुकानातल्या सुताचे कोन जोखण्याच्या काट्यावर ठेवली. २३ किलोच्या मर्यादेवर चारशे ग्रॅम भरली. काय काढायचे, ते मी निघेपर्यंत ठरले नव्हते.